इंडियन बारची वाट

रानात दोन रात्री झोपता यावं म्हणून मी फेब्रुवारीत अर्ज भरला होता.

म्हाडाच्या सोडतीत चौथ्यांदा नाव आलं नाही तेव्हा पोराने देश सोडला, असं माझे वडील चारचौघांत सांगतात. ते अगदीच खोटं नाही. पण सिएटलच्या बाजूला पंधरा वर्षं काढल्यावर कळलं, की सोडत माणसाला सोडत नाही. इथे घर बँकेच्या कर्जावर मुकाट मिळतं. तंबू टाकायच्या आठ बाय सहा फूट मातीसाठी मात्र सोडत निघते. नाव लागल्याची मेल आली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. कशाचे, हे तिथल्या एकालाही समजावून सांगता आलं नाही.

डोंगर म्हणजे माउंट रेनिअर. उंची ४,३९२ मीटर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी वर अकराशे मीटर शिल्लक राहतील एवढा. बारा महिने डोक्यावर बर्फ आणि कमरेभोवती वंडरलँड ट्रेल नावाची १५० किलोमीटरची पायवाट, १९१५ साली आखलेली. लोक दहा-बारा दिवसांत तिची प्रदक्षिणा पुरी करतात. मी आयुष्यात एकदाच ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेलो होतो, आणि त्या श्रावणी सोमवारचा विषय माझ्या गुडघ्यांसमोर अजूनही कोणी काढत नाही. म्हणून मी पूर्व बाजूचा एक तुकडा निवडला. फ्रायिंगपॅन क्रीकपासून चढायचं, पहिला मुक्काम समरलँड. दुसऱ्या दिवशी पॅनहँडल गॅप ओलांडून इंडियन बार. तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने परत. एका बाजूचं अंतर साधारण चौदा किलोमीटर. मराठीत सांगायचं तर तव्याच्या ओढ्यापासून निघायचं आणि तव्याच्या दांड्याची खिंड चढायची. ज्याने ही नावं ठेवली तो माणूस तेव्हा उपाशी असणार, हे मला निघण्याआधीच सुचायला हवं होतं.

हे राष्ट्रीय उद्यान १८९९ चं. १९८८ मध्ये त्याचा ९७ टक्के भाग ‘विल्डरनेस’ म्हणून जाहीर झाला. विल्डरनेस म्हणजे काय ते १९६४ च्या कायद्यात लिहिलं आहे: जिथे माणूस हा पाहुणा असतो आणि मुक्काम ठोकत नाही, अशी जागा. सरकारी कागदात इतकी देखणी व्याख्या मी दुसरी वाचलेली नाही. ज्या मित्राबरोबर जायचं होतं त्याने जुलैत माघार घेतली (कारण: घरामागच्या लाकडी डेकला रंग), आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे असा एक पाहुणा आला, ज्याला हा कायदा लागू नव्हता. कोल्हापूरहून माझा मेहुणा. तीन महिन्यांसाठी.

मेहुणा दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जातो. रात्रभर चिखल तुडवत, पायात रबरी सँडल, खांद्याला एक पिशवी, पिशवीत भाकरी. त्याला मी जेवताना बेत सांगितला.

“दाजी, डोंगरात बार?”

“तसला बार नव्हे रे. नदीच्या पात्रात वाळू-गोट्यांचा जो उंचवटा साठतो, त्याला इंग्रजीत बार म्हणतात.”

“आनि इंडियन?”

“म्हणजे इथले मूळ रहिवासी.”

त्याने घास चावून संपवला. “म्हंजे इंडियन बी आपलं न्हवं आनि बार बी बार न्हवं. मग चाललोय कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्या एक्सेल शीटच्या १४३ ओळींत कुठेच नव्हतं.

त्या शीटबद्दल सांगतो. मी पुण्याचा असल्यामुळे मला डोंगरात नुसतं जाता येत नाही. जबाबदारीने जावं लागतं. रानात वागण्याचे ‘लीव्ह नो ट्रेस’चे सात नियम मी वेगवेगळ्या रंगांत रंगवले होते. सिएटलच्याच ‘द माउंटेनिअर्स’ या जुन्या संस्थेने १९३० च्या दशकात डोंगरात न्यायच्या दहा अत्यावश्यक गोष्टींची यादी केली: नकाशा, होकायंत्र, दिवा, जादाचं अन्न, जादाचे कपडे वगैरे. मी प्रत्येक अत्यावश्यक गोष्टीला दोन उपअत्यावश्यक गोष्टी जोडल्या. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसलो. टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापला आणि सात ग्रॅम वाचवले. त्याच संध्याकाळी मेतकुटाची बरणी सॅकमध्ये ठेवली, साडेचारशे ग्रॅम. पण तिचा रकाना ‘औषधं’ होता, त्यामुळे अन्नाच्या बेरजेत ती आली नाही.

सॅकच्या बाहेरच्या खिशात टायटॅनियमचं खुरपं होतं. वजन सतरा ग्रॅम, किंमत सांगत नाही. रानात संडास नसेल तर पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून साठ मीटर लांब जायचं, सहा ते आठ इंच खोल खड्डा करायचा, आणि काम झाल्यावर तो बुजवायचा. कागद मात्र पुरायचा नाही, पिशवीत घालून घरी आणायचा. मी हे सगळं मेहुण्याला शास्त्रोक्त समजावलं. तो खुरपं उलटसुलट करून बघत होता. “आमच्या आज्जानं जलमभर ह्येच केलं, दाजी. फक्त खुरपं भांगलायला ठेवलं हुतं.”

अस्वलाला आपली चाहूल लागावी म्हणून सॅकला बांधायची घंटीही मी घेतली होती. ती वाजवून दाखवली तर तो म्हणाला, “बेंदराला निघालासा काय?” ती घंटी मी रागाने घरी ठेवली. चौदा ग्रॅम वाचले.

शेवटी माझी सॅक १९ किलो ४०० ग्रॅम भरली. त्याची सात. त्यात झोपायची पिशवी मी दिलेली.

शीटची एक प्रत फ्रिजवर लावली. रानात जाताना आपला बेत घरच्या माणसाकडे लिहून ठेवावा, हा फार महत्त्वाचा नियम आहे. तिथे बहुतेक ठिकाणी फोन लागत नाही. गाडीचा नंबर, तंबूचा रंग, माझ्या जाकिटाचा रंग, आणि रविवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, ते सगळं. बायकोने चष्मा लावून पूर्ण वाचलं.

“म्हणजे रविवारी आठपर्यंत तू मला फोन करणार नाहीस,” ती म्हणाली. “हे लेखी आहे ना?”

शुक्रवारी सकाळी व्हाइट रिव्हरच्या कचेरीत परवाना घ्यायला गेलो. सोडतीत नाव लागलं तरी कागद तिथे जाऊन सहीनिशी घ्यावा लागतो आणि सॅकला बांधून मिरवावा लागतो. काउंटरमागच्या तरुण रेंजरने विचारलं, अन्न कसं ठेवायचं माहीत आहे ना? मी या क्षणाची फेब्रुवारीपासून वाट बघत होतो. मी त्याला अन्न कसं ठेवायचं ते सांगितलं. मग अस्वल दिसलं तर काय करायचं ते सांगितलं, चूल का पेटवायची नाही ते सांगितलं, हिमनदीच्या ओढ्याचं पाणी पिठासारखं गढूळ असतं म्हणून गाळणी तुंबते तेही सांगितलं. मागे रांग लागली होती. तो शांतपणे ऐकत होता; बहुधा त्यालाच कोणीतरी तपासायला पाठवलंय असा त्याचा समज झाला असावा. शेवटी म्हणाला, गॅपवर अजून बर्फाचे पट्टे आहेत आणि उद्या ढग खाली उतरतील. पुढचं दिसत नसेल तर परत फिरा.

“ओळ ९७,” मी मेहुण्याला मराठीत म्हणालो. “घातलंय आपण.”

समरलँडपर्यंतचे पावणेसात किलोमीटर मी इथे लिहीत नाही. जुन्या देवदार-हेमलॉकच्या रानातून वाट जाते, सुंदर आहे असं म्हणतात. मला त्यातली माझ्या बुटांची टोकं आठवतात. मेहुणा पुढे जायचा, वळणावर बसायचा, मी धापा टाकत पोचलो की उठायचा. त्यामुळे त्याची विश्रांती पूर्ण व्हायची आणि माझी सुरूच व्हायची नाही.

मग झाडं एकदम बुटकी झाली, पाच-सहाच्या घोळक्याने उभी राहायला लागली, आणि मधे कुरण पसरलं. हाच तो ‘सबअल्पाइन’ पट्टा: वर झाडं संपायची रेषा, खाली दाट रान, आणि मधे ही फुलांची दुनिया. उंची अठराशे मीटर, कळसूबाईच्या थोडी वर. पण कळसूबाईवर जुलैत पाऊस असतो, इथे बर्फ. ते वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत या रोपांना जेमतेम दोन-तीन महिने मिळतात. तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं. एक बूट चुकीच्या जागी पडला तर ते भरून यायला वर्षानुवर्षं जातात. कास पठारासारखंच. कासला फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांवर मी फेसबुकवर एक खरमरीत पोस्ट लिहिली होती. ‘निर्लज्ज’ हा शब्द तिच्यात तीनदा होता. नातेवाइकांनी ती बरीच पुढे पाठवली, काहींनी स्वतःच्या नावाने.

तर, मेहुण्याचा फोटो काढायचा होता. मागे लिटल टाहोमाचा काळा सुळका, पुढे जांभळ्या ल्युपिनचा आणि लाल पेंटब्रशचा गालिचा. त्याला मी वाटेवर उभं केलं आणि फोन डोळ्यासमोर धरून समजावायला लागलो.

“वाट सोडायची नाही. एक पाऊलसुद्धा नाही. लोकांना कळत नाही रे, फोटोच्या नादात...” डोंगराचं टोक चौकटीत बसेना म्हणून मी एक पाऊल मागे गेलो. “...मागे-मागे जातात...” आणखी एक. “...आणि बघतसुद्धा नाहीत पाय कुठे...”

“एक्स्क्यूज मी, मिस्टर.”

आठ वर्षांची मुलगी. दोन वेण्या, डोक्यावर टोपी, टोपीला ज्युनिअर रेंजरचा बिल्ला. हा बिल्ला इथल्या राष्ट्रीय उद्यानांत मुलांना पुस्तिका सोडवून आणि शपथ घेऊन मिळतो. तिने आवाज अजिबात चढवला नाही. “तुम्ही कुरणात उभे आहात.”

मी खाली पाहिलं. बुटाखाली ल्युपिनचा तुरा होता. मी पाय अलगद उचलला. तुरा हळूहळू वर यायला लागला, अर्ध्यावर आला, आणि तिथेच थांबला. एक टपोरं जांभळं फूल बुटाच्या खाचेत अडकून माझ्याबरोबर आलं होतं. मुलगी त्या तुऱ्याकडे बघत होती, मीही बघत होतो. तो आणखी वर येईल अशी आम्हा दोघांची वेगवेगळ्या कारणांसाठी इच्छा होती. मी सॉरी म्हणालो. तिने मान डोलावली, आणि मी आल्या पावलांवर पाय ठेवत वाटेवर परत येईपर्यंत कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

“काय म्हनाली पोरगी?” मेहुण्याने विचारलं.

“फुलं छान आहेत म्हणाली.”

“मग तुमी सॉरी का म्हनालासा?”

रात्रीच्या जेवणाला मी घरी वाळवलेली मटकीची उसळ होती. डिहायड्रेटरमध्ये बारा तास ठेवून केलेली, शीटवर पुढे हिरवी खूण. एवढ्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, आणि त्यापुढे कितीही गॅस जाळला तरी तापत नाही. हे मला माहीत होतं. मटकीला नव्हतं. चाळीस मिनिटांनी तिने पाण्याचा रंग घेतला, पण पाणी आत घेतलं नाही. मेहुण्याने एक दाणा दाताखाली धरला, तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला. मग आम्ही मेतकूट आणि गरम पाणी प्यायलो. औषध म्हणून नेलं होतं, औषध म्हणूनच घेतलं.

आता खांबाबद्दल.

रेनिअरच्या मुक्कामांवर अस्वलांसाठी, म्हणजे अस्वलांना मिळू नये यासाठी, एक पोलादी खांब असतो. विजेच्या खांबासारखा, वर आकडे. शेजारी एक लांबलचक जड सळई, तिच्या टोकाला बेचकं. वास येणारी प्रत्येक गोष्ट थैलीत भरायची, थैली बेचक्यात अडकवायची, सळई उभी करायची, थैलीचा बंद आकड्यात घालायचा आणि सळई काढून घ्यायची. शीटमध्ये या सगळ्याची एक ओळ होती.

माझी थैली साडेसहा किलोची होती. एवढं वजन छातीशी धरायला काही नाही. ते डोक्यापासून दहा-बारा फुटांवर, एका झोकांड्या खाणाऱ्या सळईच्या टोकाला असलं की त्याला स्वतःची मतं येतात. थैली उजवीकडे निघाली की मी तिच्यामागे उजवीकडे धावायचो, तोवर ती डावीकडे निघालेली असायची. दिवस गोकुळाष्टमीच्या आसपासचे होते. आमचा प्रकार म्हणजे उलटी दहीहंडी होता: हंडी फोडायची नव्हती, टांगायची होती, आणि थर एकच होता.

“डावीकडं दाजी! माजी डावी न्हवं, तुमची!”

बाकीच्या तंबूंतून लोक बाहेर आले. कपात चहा घेऊन एक म्हातारं जोडपं दगडावर बसलं. तिसऱ्या वेळी थैली माझ्या खांद्यावर आली, पाचव्या वेळी मेहुण्याच्या पायावर. लोणच्याची पुडी फुटली, तेल बंदावरून सळईवर आणि सळईवरून माझ्या बाहीत उतरलं. आता अस्वलाला थैलीपर्यंत जायची गरज उरली नव्हती. नवव्या वेळी बंद आकड्यात बसला. टाळ्या वाजल्या. मी वाकून अभिवादन केलं. ज्युनिअर रेंजर टाळ्या वाजवत नव्हती.

तंबूत शिरून झिप लावली आणि डोक्याचा दिवा शोधायला लागलो. दिवा टूथपेस्टच्या पाकिटात होता. पाकीट थैलीत होतं. त्याच पाकिटात माझा वाचायचा चष्मा आणि रक्तदाबाची गोळी. दहा अत्यावश्यक गोष्टींपैकी साडेतीन त्या खांबावर चांदण्यात लोंबकळत होत्या.

“ऱ्हाऊ द्या की एक रात,” मेहुणा अंधारात म्हणाला. आणि मग, जरा वेळाने, कुर्रम असा आवाज आला.

“काय खातोयस?”

“भडंग. जयसिंगपूरचं. इमानात आनलं हुतं, जाकिटात ऱ्हायलं.”

लसूण घातलेलं भडंग. तंबूत. माझ्या कानशिलापासून दीड फुटावर. मी त्याला अस्वलाच्या नाकाबद्दल जे जे वाचलं होतं ते सगळं कुजबुजत सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि व्यवहारी तोडगा काढला: पुडी बाहेर ठेवता येत नाही, खांबावर चढवता येत नाही, तर पुरावा नष्ट करू. माझ्या पोटात मटकीचे चार दाणे होते. जबाबदार माणूस म्हणून मी निम्मा पुरावा नष्ट केला. इतकं चांगलं भडंग मी त्याआधी कधी खाल्लं नव्हतं.

मध्यरात्री बाहेर खसफस झाली. मी रामरक्षा सुरू केली आणि तिसऱ्या श्लोकाला अडकलो, तेव्हा पहिल्यापासून पुन्हा. असं उजाडेपर्यंत चाललं. मेहुणा घोरत होता. सकाळी पाहिलं तर सॅकच्या घाम लागलेल्या पट्ट्याचं टोक उंदराने कुरतडलं होतं. त्याच्या लेंड्या मी फोटोत वजनकाट्याइतक्या काटेकोरपणे टिपल्या. नुकसान अंदाजे एक ग्रॅम.

शीटप्रमाणे सात वाजता निघायचं होतं. पाऊस थांबून, थैली उतरवून, चहा होऊन आम्ही अकराला निघालो. समरलँडपासून पॅनहँडल गॅप सव्वादोन किलोमीटर, पण चढ अंगावरचा. गॅपची उंची ६,८०० फूट, वंडरलँड ट्रेलवरच्या सगळ्यांत उंच जागांपैकी एक. झाडं संपली, फुलं संपली, दगड आणि बर्फाचे पट्टे सुरू झाले. बर्फावर वाट नसते; दगडावर दगड रचलेल्या राशी असतात, एकीवरून दुसरी बघत जायचं. गॅपवर पोचलो आणि रेंजरने सांगितलेला ढग वेळेवर आला. दूध ओतल्यासारखा. मागची रास दिसत होती, पुढची नाही.

आणि मला पुढे जायचं होतं. हे मी प्रामाणिकपणे लिहितो. फेब्रुवारीपासून मी या एका रात्रीसाठी जगत होतो. इंडियन बार तिथून पाचच किलोमीटर होतं, बहुतेक उतार. तिथे दगडी निवारा आहे, ओहानापेकॉश नदीचा उगमाकडचा भाग आहे. शिवाय सोडत! सोडतीत लागलेली जागा कोणी सोडतं का?

“ओळ ९७,” मेहुणा म्हणाला.

“काय?”

“‘पुढची दगडांची रास दिसत नसेल तर परत फिरणे. अपवाद नाही.’ खाली दोन रेघा मारल्यासा तुमी. तांबड्या.”

“तू शीट वाचलीस?”

“आल्यावर चार राती झोप येत नव्हती, जेटलॅग. तुमचं शीट वाचायला घेतलं, मग आली.” सॅक काढून तो दगडावर टेकला. “धुक्यात वाट सुटली की बसायचं, न्हाईतर आल्या वाटंनं जायचं. पन्हाळ्याच्या वाटंवर धाकली पोरं बी सांगतील.”

मी त्याला समजावलं की अपवाद नाही असं लिहिताना मला ही विशिष्ट परिस्थिती अभिप्रेत नव्हती. नियम हे साधारण लोकांसाठी असतात, ज्यांनी अभ्यास केलेला नाही त्यांच्यासाठी. हे बोलत असतानाच मी ढगात वीसेक पावलं पुढे गेलो. पायाखाली बर्फ लागला. आदल्या दिवशीच्या कोणाच्या तरी पावलांचे ठसे होते, मग ते पुसट झाले, मग नव्हते. मी वळलो, पाय सटकला, आणि बसल्या जागेवरून घसरगुंडीसारखा पाच-सात फूट खाली गेलो. सॅकमधली काहीतरी टायटॅनियमची वस्तू जिथे टोचू नये तिथे टोचली. ते खुरपं होतं. मुक्कामावर संडास असल्यामुळे त्याचा संपूर्ण सहलीतला हा एकमेव उपयोग.

मान वर केली तर समोर, दहा पावलांवर, पांढरं जाकीट घातलेला कोणीतरी उभा होता. अगदी स्वस्थ. अंगात काय जीव आला म्हणून सांगू! मी घसा साफ केला आणि माझ्या त्यातल्या त्यात सुधारलेल्या इंग्रजीत म्हणालो, “एक्स्क्यूज मी सर, इंडियन बारची वाट हीच का?”

त्याने मान वळवली. दाढी होती. दोन काळी शिंगंही होती.

पहाडी बोकडाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या बाहीला लोणच्याच्या मिठाचा वास होता आणि या प्राण्यांना मीठ फार आवडतं, हे मी शीटच्या ११२ व्या ओळीत स्वतः लिहिलेलं आहे, ‘पन्नास यार्डांपेक्षा जवळ जाऊ नये’ या सूचनेसकट. तो एक पाऊल पुढे आला. मी बसल्या-बसल्याच, हातांनी आणि टाचांनी, बर्फावरून वर जायला लागलो. असं चालता येतं हे मला माहीत नव्हतं.

“कुनाशी बोलत हुतासा?” दगडावरून आवाज आला.

“कोणाशी नाही. चल, परत फिरू. ओळ ९७.”

समरलँडला दुसऱ्या रात्रीचा परवाना आमच्याकडे नव्हता आणि जागा सगळ्या भरलेल्या, म्हणून थेट गाडीपर्यंत उतरायचं ठरलं. वाटेत कालचाच रेंजर वर येताना भेटला. गॅपवरून परत फिरलो म्हटल्यावर त्याने टोपीला हात लावला. दिवसभरात चार गट भेटले, म्हणाला, आणि चारही गटांना सांगून पटत नव्हतं. स्वतःहून फिरलेले तुम्ही पहिले. मी खांदे उडवले. म्हणालो, डोंगरात अहंकार चालत नाही.

“काय म्हनाला?”

“शहाणी माणसं आहात म्हणाला.”

“दोगं बी?”

गुडघे जिथे परवानगी देत होते तिथे मी चाललो, नव्हते देत तिथे मेहुण्याने माझी सॅकही घेतली. दोन सॅकांखाली तो मजेत उतरत होता. त्याच्या पाठीवर माझा परवाना फडफडत होता, माझं नाव, आजची तारीख, ‘इंडियन बार’.

घरी पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. बेल वाजवली. आतून मराठी नाटकाचा आणि चार-पाच बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. बायकोने दार उघडलं, आम्हा दोघांकडे पाहिलं, मग मागे वळून फ्रिजकडे पाहिलं.

“शीटप्रमाणे तुम्ही आत्ता इंडियन बारला आहात,” ती म्हणाली. “जेवायला काही नाही. पावभाजी होती, ती संपली.”

मेहुणा बूट काढता-काढताच कोल्हापूरला फोन लावून बसला. तिकडे रविवारची सकाळ झाली होती. त्याने स्पीकर चालू केला होता, त्यामुळे चार पाहुण्या बायकांसकट आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“न्हाई गं आई, इंडियन बारला निगालो हुतो. पर निम्म्यातनंच माघारी आलो. दाजींना पुढं काय दिसंचना. पडलं बी दोनदा. त्यांची पिशवी मीच आनली.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी हळू.

“फोन जरा ताईकडं दे.”